सात वाजताचा फोन

"मॅडम, मुलगी मार्चमध्ये परत आलीये, पण घरी आल्यासारखी वाटतच नाही. नुसती बसून असते. काही विचारलं की 'काही नाही' म्हणते. तिला डिप्रेशन आलंय का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका आईचा हा फोन आला. मी समुपदेशक आहे, परदेशी शिकून आलेल्या मुलांच्या घरांतून मला हा प्रश्न वरचेवर येतो, शब्द तेवढे बदलतात. कुणाचा मुलगा तैवानहून आलेला असतो, कुणाची मुलगी सिंगापूरहून. जाताना घरादारानं धास्ती घेतलेली असते: थंडी, जेवण, भाषा, एकटेपणा. परतीची मात्र कुणीच घेत नाही. आपल्याच घरी तर यायचंय, असं सगळे धरून चालतात.

मुलीला इथं मृदुला म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिला विचारूनच लिहिते आहे. घर पुण्यात सहकारनगरला, वय बावीस. जपानी भाषा शिकत होती आणि एका वर्षाच्या आदानप्रदान कार्यक्रमात जपानमधल्या ओकायामाला राहून आली होती.

पहिल्या भेटीत मी आधी आईच्या प्रश्नाचं बघितलं. झोप, भूक, आंघोळपांघोळ, मित्रमैत्रिणी, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं सरळ विचारलं. असे प्रश्न विचारल्यानं मुलं बिथरत नाहीत, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन उदास राहात असेल, खाणं-झोपणं बिघडलं असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठी रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. मृदुलाचं तसं नव्हतं. जेवत होती, उशिरा का होईना झोपत होती, हसायला आलं तर हसत होती. पण घरात ती पाहुण्यासारखी वावरत होती आणि ते तिलाही कळत होतं.

त्या भेटीत माझं एक चुकलं. "तिथं काय काय शिकलीस?" असं मी विचारलं. तिनं मुलाखतीत द्यावं तसं उत्तर दिलं: वक्तशीरपणा, स्वच्छता, आत्मविश्वास. तीन महिन्यांत प्रत्येक मावशीला, काकाला ती हेच सांगत आली होती. माणसं दोन मिनिटं ऐकायची, मग विचारायची, "आता पुढं काय?"

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "तिथला एखादा साधा मंगळवार सांग मला. काहीच विशेष न घडलेला."

ती पाऊण तास बोलली. मंगळवारी जळणारा कचरा न्यायला येतात, म्हणून सकाळी आठच्या आत ठरलेली पिशवी ठरलेल्या जागी ठेवायची. मग सायकल. दुपारी वर्ग, संध्याकाळी जेवणाचे डबे विकणाऱ्या एका छोट्या दुकानात काम. विद्यार्थ्यांना आठवड्याला अठ्ठावीसच तास काम करायची परवानगी असते, त्याचा हिशेब ती वहीत ठेवायची. दुकानातल्या आजी बोलायला लागल्या की पहिले दोन महिने तिला ओ की ठो कळायचं नाही. पुण्यात शिकलेली जपानी प्रमाण भाषा, आणि आजींची ओकायामाची बोली. त्या दर वाक्याला 'देएरेए' म्हणायच्या. हा शब्द आपल्या 'लई'सारखा आहे, हे उमगलं त्या दिवशी ती सायकलवरून एकटीच हसत घरी आली होती. वाटेत विजेचं बिल दुकानात भरलं, आईनं पाठवलेल्या भाजणीचं थालीपीठ लावलं आणि रात्री साडेदहाला घरी फोन केला.

"तेव्हा पुण्यात सात वाजलेले असायचे," ती म्हणाली. आणि तिथं तिला रडू आलं.

मी थांबवलं नाही. या मुलांचं खरोखरच काहीतरी गेलेलं असतं. पण ज्याला रडावं असं गेलंय तरी काय, हे त्यांना सांगता येत नाही. माणूस गेलं नाही, परीक्षा बुडली नाही, उलट सगळे 'नशीबवान आहेस' म्हणतात. मग दुःख करायचीही चोरी होते.

आईनं तिच्या परीनं करून पाहिलं होतं. मे महिन्यात ती लेकीला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेली. पुणे आणि ओकायामाच्या मैत्रीचं हे उद्यान, तिथल्या तीनशे वर्षांहून जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. आईला वाटलं, पोरीला बरं वाटेल. पाण्याचे पाट होते, पूल होता, रंगीत मासे होते. कोराकुएनमध्ये मान वर केली की नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो, तो देखावा त्या बागेचाच भाग धरलेला आहे. मृदुलानं पुलावर उभं राहून सवयीनं मान वर केली. मग उरलेला वेळ दोघी बाकावर बसून राहिल्या आणि न बोलता घरी आल्या. आईला आजवर वाटत होतं की आपण चूक केली. मी तिला सांगितलं, चूक नाही. त्या दिवशी मुलीच्या शेजारी बसून राहिलात, ते फार मोलाचं होतं.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते इंजिनियर, चाकणच्या बाजूला जपानी कंपन्यांशी काम पडणारे. "जपानी भाषेची एन टू परीक्षा दिली की दुभाषाची नोकरी आहे. जुलैच्या परीक्षेचा फॉर्मच भरला नाही हिनं. बरं, तिकडंच नोकरी बघतेस का म्हटलं, तर त्यालाही नको म्हणते. मग हवंय काय हिला?"

आलेख पाहायची सवय असलेल्या माणसाला मी आलेख काढून दाखवला. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास मांडला: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग हळूहळू वर. इंग्रजी यू अक्षरासारखा आकार. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्यानं त्याला परतीनंतरची दुसरी घसरण जोडली आणि यूचा डब्ल्यू झाला. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांचा आलेख असा निघाला नाही, कुणी घसरतच नाही, कुणाला वेळ फार लागतो. तेही सांगितलं. पण परत आल्यावर असं होतं, आणि ते आपल्या मुलीच्या नाकर्तेपणामुळं नाही, एवढं त्यांना पटलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

'हवंय काय' याचं उत्तर मृदुलानं तिसऱ्या भेटीत दिलं. "मॅडम, जपानला परत नाही जायचंय मला. तिथंही मी सहा महिने पुण्याच्या नावानं रडत होते. पण तिथं ताप आला तेव्हा दवाखाना मी शोधला, नगरपालिकेच्या कचेरीत मी भांडले, चुकले तर मीच निस्तरलं. इथं बाबा मला स्टॉपपर्यंत सोडायला येतो."

बाबा प्रेमानंच येत होते. घराची मुलगी गेली तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि घरानं तिची जागा तशीच राखून ठेवली होती: तेच कपाट, तीच चहाची वेळ, तेच प्रश्न. परतलेल्या मृदुलाला त्या जागेत मावता येत नव्हतं. माझ्या अनुभवात बहुतेक घरी खरी अडचण इथंच असते. आईवडील समजतात की मुलांना देश आवडेनासा झालाय. मुलांना रस्त्यावरचे हॉर्न आणि गर्दी खुपतेच, मृदुलालाही खुपत होती. दुधाची पिशवी न धुता सुक्या कचऱ्यात टाकली म्हणून ती आईशी भांडायची, कारण 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंना ती हातानं वेगळी करावी लागते. या भांडणात मी तिच्याच बाजूची आहे. पण त्या पिशवीमागं, या घरात माझं काहीतरी चालू द्या, असं एक म्हणणं होतं.

म्हणून बाबांकडं मी त्यांना जड जाईल अशी गोष्ट मागितली. एक काम पूर्णपणे मुलीवर सोपवा, मधे न डोकावता. जुलैत आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारखा, तपासण्या, मेडिक्लेमचे कागद, नंतरचे डोळ्यांतले थेंब, सगळं मृदुलाकडं गेलं. बाबांनी दोनदा फाइल उघडून बघितली आणि मला तसं कबूलही केलं. विम्याचा एक कागद राहिला होता. तो आणायला ती भर पावसात परत गेली आणि घरी येऊन कुणाला काही बोलली नाही. आजीनंच सगळ्यांना सांगितलं.

आईशी मी एकदा वेगळी बोलले. ती म्हणाली, "तिथं होती तेव्हा रोज तासभर बोलायची. आता समोर असते आणि बोलत नाही."

मी विचारलं, "त्या तासात तुम्ही काय करायच्या?"

"काही नाही. स्वयंपाक आधीच उरकायचे. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे."

आणि आता सात वाजता? आता सात वाजता कुकर, भाजी, आजींची औषधं, मधूनच 'जेवायला काय करू?' मुलगी घरात आहे म्हटल्यावर तिच्यासाठी राखलेला तास कामात विरघळून गेला होता. हे लक्षात आलं तेव्हा आई बराच वेळ गप्प बसली.

मी सुचवलं, तो फोन पुन्हा सुरू करा. सात वाजता, गॅलरीत, दोन खुर्च्या. अर्धा तास. सल्ला द्यायचा नाही, नोकरीचं विचारायचं नाही, 'आपल्याकडं पण असतं' असं म्हणून तोडायचं नाही. पहिले काही दिवस दोघींना अवघडल्यासारखं झालं. एकदा तर मृदुला खरंच आतल्या खोलीतून आईला फोन लावून बोलली आणि मग बोलता बोलता बाहेर आली.

गणपतीत थोडं बिनसलं. तिथं असताना ज्या ढोलताशासाठी ती आसुसली होती, तो इथं दुसऱ्या दिवशीच तिला सहन होईना आणि त्याचंच तिला अपराधी वाटलं. त्या आठवड्यात ती दोनदा माझ्याकडं आली. दोन्ही एकदम खरं असू शकतं, आठवणही येते आणि त्रासही होतो, एवढंच आम्ही बोललो. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला, बाबांना नंतर सांगितलं.

ऑक्टोबरमधल्या शेवटच्या भेटीला दोघी मिळून आल्या. सात वाजताचं चालू आहे का, मी विचारलं. मृदुला म्हणाली, "आता आईच जास्त बोलते." झालं होतं असं, की एका संध्याकाळी तिच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं आईला विचारलं, "आई, लग्नाआधीचा तुझा सोलापूरचा एखादा मंगळवार सांग ना."

सव्वीस वर्षांत आईला हे कुणी विचारलं नव्हतं. ती संकोचून माझ्याकडं बघत म्हणाली, "आमच्या गल्लीत रात्रभर यंत्रमाग चालायचे हो. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा तो खटखटाट नाही म्हणून कित्येक महिने मला झोपच लागायची नाही. आणि हे कुणाला सांगणार?"

"मला सांगितलंस की," मृदुला म्हणाली, आणि मग मला उद्देशून, "अजून चादरींचं सांगायचं राहिलंय तिचं."