ग्राफीन एवढं भारी आहे, मग माझा शेअर का पडला?

"घेतलेल्या भावाला आला ना मॅडम, की लगेच बाहेर पडतो." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्याने "घेतलेल्या" म्हटलं की पुढचं मला कळतं. शेअर वेगवेगळे असतात, कुणी लिथियममध्ये अडकलंय कुणी हायड्रोजनमध्ये, पण मी समुपदेशक आहे, पुण्यात बसून इंग्लंडमधल्या मराठी मंडळींशी ऑनलाइन बोलते, त्यांच्यात ग्राफीनवाले, म्हणजे ग्राफीन नावाचं कार्बनचं नवं मटेरियल बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतलेले, बरेच भेटतात. सगळी शिकलेली, घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणारी माणसं. शेअर नव्वद टक्के पडला असेल तर घेतलेल्या भावाला यायला तो दहापट व्हावा लागतो हे साधं गणित त्यांना येत नाही असं अजिबात नाही, येतं, पण ते करायला मन तयार होत नाही. म्हणून आज यावर लिहितेय.

ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ते गृहस्थ मँचेस्टरजवळ राहतात, चाळिशीतले, आयटीत चांगल्या पदावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केलेत, आणि त्यांच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.) तक्रार होती झोपेची. पहाटे जाग यायची आणि मग सात वाजायची वाट बघत पडून राहायचं, कारण तिकडच्या बाजारात कंपन्यांच्या घोषणा सकाळी सातपासून यायला लागतात आणि आठ वाजता बाजार उघडतो. तो एक तास म्हणजे त्यांच्या दिवसातला सगळ्यात जड तास. बायकोला वाटत होतं ऑफिसचं टेन्शन आहे. सुरुवातीला चार हजार पौंड घातले होते, मग पडेल तसं एव्हरेज करत करत, म्हणजे स्वस्तात आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणत, एकवीस हजार झाले, आणि त्यातले बरेचसे घर घ्यायच्या डिपॉझिटसाठी बाजूला काढलेले. हा आकडा घरी कुणालाच माहीत नव्हता.

पहिले काही सेशन त्यांनी मला ग्राफीनच समजावलं. मी थांबवलं नाही. कार्बनचा एकच अणू जाडीचा थर, पोलादाच्या दोनशेपट मजबूत, वीज आणि उष्णता दोन्ही झकास वाहून नेतो. २००४ मध्ये त्यांच्याच शहरातल्या विद्यापीठात आंद्रे गाईम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा काढून दाखवला, २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं, युरोपीय संघाने २०१३ मध्ये दहा वर्षांसाठी एक अब्ज युरोंचा कार्यक्रम सुरू केला, २०१५ मध्ये मँचेस्टरला ग्राफीनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. "एवढे लोक मूर्ख आहेत का मॅडम?" नाहीत. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. शेअरचा विषय निघाला की ते विज्ञानाच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि तिथे त्यांना कुणी हरवूच शकत नव्हतं.

मग एका सेशनला मी म्हटलं, मला आठवीतली मुलगी समजा आणि ग्राफीन कसं काढतात ते दाखवा. त्यांनी टेबलावरची पेन्सिल घेतली, टोक टेपच्या चिकट बाजूवर खसाखसा घासलं, टेप दुमडली, उघडली, परत दुमडली, उघडली. प्रत्येक वेळी काळा डाग पसरत आणि फिका होत गेला. मग टेप कॅमेऱ्यासमोर उजेडात धरून म्हणाले, "हे बघा, दर वेळी थर अर्धे अर्धे होतात, असं करत करत एकच उरतो. जगातला पहिला नमुना असाच निघाला!" चेहरा इतका खुलला होता की इतके दिवस हा माणूस कुठे होता असं मला वाटलं.

मी म्हटलं, "फार छान समजलं. आता असंच, आठवीतल्या मुलीला कळेल असं, तुमची कंपनी पैसे कसे कमावते ते सांगा."

ते बोलायला लागले आणि थांबले. परत लागले, "त्यांचं कोलॅबोरेशन आहे एका मोठ्या..." परत थांबले. "म्हणजे एक एमओयू, सामंजस्य करार, झालाय." मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं आणि ते मला जमतं. बऱ्याच वेळाने, टेप अजून हातातच होती, ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक कोण आहे, किती माल घेतो, काय भावाने घेतो, मला यातलं काहीच सांगता येत नाहीये. आणि मी यात एकवीस हजार घातलेत."

पण खरी गाठ त्याच्याही पुढे होती. मी विचारलं, टेप दाखवताना जेवढा आनंद झाला तेवढा याआधी कधी झाला होता? उत्तर लगेच आलं. कॉलेजात. मेटलर्जी केलं होतं, मटेरियल्समध्ये रिसर्च करायचा होता, पण वडील रिटायर व्हायला आलेले, धाकटी बहीण शिकत होती, आयटीवाले कॅम्पसला आले आणि हे त्यात गेले. वीस वर्षं कोड लिहिला. २०१८ मध्ये ग्राफीनचे शेअर उसळले तेव्हा त्यांना वाटलं आपण परत आपल्या विषयात आलो. ते म्हणाले, "विकले तर मी दुसऱ्यांदा सोडून दिल्यासारखं होईल."

तेव्हा मला स्वच्छ दिसलं की हे पैशाचं दुखणंच नव्हतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर काम करते, म्हणजे शेअरच्या भावाने माणसाची झोप जात नाही, भाव पडला याचा तो स्वतःपुरता जो अर्थ लावतो त्याने जाते असं मी मानते. यांनी लावलेला अर्थ असा होता, की शेअर बुडाला म्हणजे ग्राफीन खोटं, आणि ग्राफीन खोटं म्हणजे माझी विषयाची समज खोटी. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या, मला त्या फक्त सोडवायच्या होत्या. त्या दिवसापासून अशा माणसाला मी पहिला प्रश्न पैशाचा विचारत नाही, ते मटेरियल आवडायला कधी लागलं ते विचारते, आणि यातून जेवढ्या लवकर गाठ सुटते तेवढी मी आकडेमोडीने सुटलेली पाहिलेली नाही.

सोडवायला मदत त्यांच्याच ज्ञानाने केली. मी विचारलं, तुमच्या शास्त्रात असं कधी झालंय का की मटेरियल जिंकलं आणि कंपनी बुडाली? क्षणात म्हणाले, कार्बन फायबर! रोल्स-रॉइसने आरबी२११ या विमानाच्या इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायचं ठरवलं होतं, पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमवर यावं लागलं, इंजिनाचा एकूण खर्चच आवाक्याबाहेर गेला आणि १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत जाऊन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आणि आज बोइंग ७८७ चं वजनाने जवळजवळ निम्मं शरीर कार्बन फायबरच्या कंपोझिटचं आहे. हे सांगता सांगता ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे माझं मटेरियल बरोबर असू शकतं आणि शेअर चुकीचा."

हेच वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी ते आधीच बोलून दाखवलं असतं तर त्यांनी माझ्याशी तासभर वाद घातला असता.

आता जे कुणी असेच अडकलेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. लंडनच्या एआयएम या छोट्या, वाढत्या कंपन्यांच्या बाजारातल्या ग्राफीन कंपन्यांचा इतिहास उघड्यावर आहे, तो एकदा शांतपणे बघा. अप्लाइड ग्राफीन मटेरियल्स २०१३ मध्ये १५५ पेन्सने आली, २०२३ मध्ये तिचा धंदा दुसऱ्या कंपनीला विकला गेला आणि शेअर बाजारातून काढला गेला. हेडेल २०१४ मध्ये २१० पेन्सने आली आणि पुढच्या दहा वर्षांत एक पेनीच्याही खाली गेली. व्हर्सारियन २०१८ मध्ये दीडशे पेन्सच्या वर होती, तीसुद्धा पुढे एका पेनीच्या खाली आली. यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाहीये. प्रयोगशाळेतला चमत्कार आणि टनावारी विकला जाणारा माल यांच्यामध्ये बरीच वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं कंपनीला जगवायला लागणारा पैसा बऱ्याचदा तुमच्या-आमच्याकडूनच येतो.

तो कसा येतो ते नीट समजून घ्या कारण ग्राफीनवर तासभर बोलणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. कॅश संपत आली की कंपनी नवीन शेअर काढते, त्याला प्लेसिंग म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा चालू भावापेक्षा स्वस्तात दिले जातात. दहा कोटी शेअरचे तीस कोटी झाले की तुमचा हिस्सा आधीच्या एक तृतीयांश झाला, तुम्ही काहीही न विकता. म्हणून वार्षिक अहवालात आधी बँकेत किती पैसे आहेत आणि वर्षाला किती जळतायत ते बघा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, पुढचं प्लेसिंग साधारण कधी येणार ते कळेल. मग घोषणा वाचा. एमओयू, कोलॅबोरेशन, ट्रायल हे सगळं ठीक आहे पण त्यात ऑर्डर किती रकमेची आहे ते लिहिलंय का? नसेल तर ती ऑर्डर नाही.

आणि माल खपला तरी किती खपतो तेही बघा. फोर्डने २०१८ च्या शेवटी गाड्यांच्या फोमच्या भागांमध्ये ग्राफीन घालायला सुरुवात केली, मोठी बातमी झाली, पण प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गुण असा की चिमूटभर पुरतं, आणि म्हणूनच विक्रीचा आकडा छोटा राहतो. त्या कामात फोर्डबरोबर असलेली मिशिगनची एक्सजी सायन्सेस शेवटी तगली नाही, २०२२ मध्ये तिची मालमत्ता कॅनडाच्या नॅनोएक्सप्लोरने घेतली. मालाच्या दर्जाचं म्हणाल तर २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी साठ कंपन्यांचं ग्राफीन तपासलं, बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघालं, बाकी सगळी ग्राफाइटची भुकटी.

एव्हरेज करणाऱ्यांना एकच विनंती. पुढचे हजार टाकायच्या आधी, आपल्याकडे हा शेअर आज एकही नसता तर आज घेतला असता का, याचं उत्तर कागदावर लिहा, मनात नको, मनात आपण फार लवकर पटवून घेतो. आणि आयएसएमध्ये, म्हणजे तिकडच्या करमुक्त गुंतवणूक खात्यात, घेतलेत म्हणून निर्धास्त राहू नका, २०१३ पासून एआयएमचे शेअर त्यात ठेवता येतात खरे पण तिथला नफा जसा करमुक्त तसा तिथला तोटाही करात वळता होत नाही. तोटा झाला तर पूर्ण तुमचाच.

त्या गृहस्थांनी काय केलं हे सगळे विचारतात. मी विका किंवा ठेवा सांगत नाही, ते माझं काम नाही, त्यासाठी त्यांना एफसीएची, म्हणजे तिकडच्या आर्थिक नियामक संस्थेची, मान्यता असलेल्या सल्लागाराकडे पाठवलं. त्यांनी बरेचसे विकले, थोडे ठेवले, ठेवलेले बुडाले तरी चालतील असं ठरवून. त्याआधी मात्र बायकोला आकडा सांगितला, तसं मी अडूनच बसले होते. ती चिडली, दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली घर वर्षभराने घेऊ, पण पहाटे उठून एकटा बसत जाऊ नकोस. आता ते शनिवारी एका शाळेत मुलांना सायन्सचे प्रयोग करून दाखवतात. फोनवरचं अलर्ट त्यांनी स्वतःहून बंद केलं, मी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे यायचं असेल तर पोर्टफोलिओचा स्क्रीनशॉट पाठवू नका, मला त्यातून काही कळत नाही. कंपनीचा शेवटचा वार्षिक अहवाल एकदा स्वतः वाचून या, आणि आकडा घरी सांगून या. तेवढं एकट्याने जमत नसेल तर तसेच या, तो आकडा घरी कसा सांगायचा तिथूनच सुरुवात करू.