ला मॉन्टे यंग यांच्या ड्रोन संगीताच्या दुर्मिळ तबकडीसाठी मोठी रक्कम मोजावी का?

तुम्ही विचारले आहे की, अमेरिकन संगीतकार ला मॉन्टे यंग आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार मॅरियन झझीला यांच्या ड्रोन संगीताच्या (म्हणजे दीर्घकाळ अखंड धरून ठेवलेल्या स्वरांच्या संगीताच्या) 1969 च्या मर्यादित आवृत्तीच्या तबकडीसाठी इतके पैसे का मोजावेत, ‘शेवटी त्यात तंबोऱ्यासारखा एकच आवाज तर चालू असतो’. हे कारण मला मुळीच मान्य नाही, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

माझे थोरले बंधू आयुष्यभर हेच म्हणत आले. आई तंबोरा लावायला बसली की ‘गाणे सुरू झाले की हाक मारा’ असे सांगून ते उठून जात. तो तंबोरा मिरजेचा होता आणि जवारी काढायला, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद खुलवून घ्यायला, आई तो तिथेच नेत असे. मी सोबत असे. कारागीर घोडीवर अगदी हलक्या हाताने कानस फिरवीत, तार छेडून पाहत, पुन्हा फिरवीत. मग तारेखाली ‘जीव’ म्हणजे सुताचा बारीक दोरा सरकवता सरकवता, तोवर बोथट वाटणारी तार एकदम खुलून झणझणू लागे. चारही तारा नीट जुळल्या की कुठल्याच तारेत न लावलेला गंधार (‘ग’ हा स्वर) आपोआप ऐकू येई. याला ‘एकच आवाज’ म्हणणाऱ्याने तंबोरा ऐकलेलाच नाही.

यंग आणि झझीला यांनी तो ऐकला. किराणा घराण्याचे गायक पंडित प्राण नाथ, म्हणजे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि या दोघांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. पुढे 1982 मध्ये दोघांनी नुसत्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि 1999 मध्ये ‘द टाम्बुराज ऑफ पंडित प्राण नाथ’ या नावाने त्याची सीडी निघाली. तासाभराहून अधिक वेळ त्यात ना गायन आहे, ना तबला. बंधूंना मी ती ऐकवली, तेव्हा ‘गायक कधी येणार?’ असे त्यांनी विचारले. त्याच किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेतला तंबोरा ज्या घरात वाजला, त्या घरातल्या माणसाने असे विचारावे याचे मला आजही वाईट वाटते.

तुमची तबकडी या शिष्यत्वाच्या आधीची आहे. तिच्या एका बाजूला म्युनिकच्या कलादालनात ध्वनिमुद्रित झालेले, स्थिर इलेक्ट्रॉनिक स्वरावरचे दोघांचे गायन आहे आणि दुसऱ्या बाजूला गजाने वाजवलेला गाँग (धातूची मोठी थाळी), जो मूळ गतीपेक्षा संथ लावूनही ऐकण्याची मुभा खुद्द यंग यांनी दिली आहे. केवळ ऐकण्यासाठी मूळ प्रत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी तंबोऱ्यांची सीडी रास्त किमतीत मिळाली तर ती घ्यावी. संग्रहच करायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही तबकडी वाकलेली नाही ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. आणि यांपैकी काहीही फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नये, कारण त्यावर खर्ज, म्हणजे खालचा गंभीर स्वर, ऐकूच येत नाही.