शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच पाव आणता येत नाहीत

"मॅडम, शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण वस्तू मोजायला दिल्या की गोंधळतो. गणितात कच्चा राहील का?" शाळा सुरू झाल्या की दर आठवड्याला कुणीतरी आई हे विचारतेच.

गोव्यातल्या पेडण्याहून आलेल्या आईचंही हेच म्हणणं होतं. मुलगा सव्वाचार वर्षांचा. मी टेबलावर पाच चिंचोके मांडले. त्याने एकेकावर बोट ठेवत नीट मोजले. "मग किती आहेत रे?" विचारल्यावर तो पुन्हा 'एक'पासून सुरू झाला. आई ओशाळली. मला मात्र अडलेली जागा दिसली. 'पाच' हे शेवटच्या चिंचोक्याचं नाव नव्हे, सगळे मिळून पाच, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. साडेतीन-चारच्या सुमारास बहुतेक मुलांना ते उमगू लागतं, कुणाला थोडं उशिरा.

"घरी माणसं किती?"

"पाच."

"मग सकाळी पोदेर, म्हणजे सायकलवरून येणारा पाववाला, आला की उंडे, म्हणजे गोल पाव, यालाच वाटू द्या. 'पाच आण' म्हणू नका. 'सगळ्यांना एकेक पुरेल एवढे आण' म्हणा."

"पण शाळेत पन्नासपर्यंत लिहून आणायला सांगितलंय."

"लिहू दे. ओरडू मात्र नका."

चौथ्या भेटीत आई आली ती हसतच. त्याने प्रत्येक बशीत एकेक उंडा ठेवला, एक हातात राहिला. क्षणभर थांबून म्हणाला, "आबा म्हापशाला गेलेत, म्हणून एक उरला. उद्या पाच लागतील." बोटं न मोजता! ते वाक्य मी आईला पुन्हा सांगायला लावलं. संख्या वस्तूत नसते, मूल ती नात्यांतून मनात रचतं, असं बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मांडत. मी त्याच विचाराची आहे आणि त्या सकाळी ते डोळ्यांपुढे घडलं होतं.

म्हणून सांगते, पाटी-पेन्सिलीआधी घर वापरा. बांगडे माशांचा वाटा घेताना किती आहेत ते विचारा. तीन-चार असतील तर मूल न मोजताच सांगेल. नारळ जोडीजोडीने लावू द्या. जिने चढताना पायऱ्या मोजा, पण वर पोचल्यावर "मग किती झाल्या?" हे विचारायला विसरू नका, खरी मेख तिथेच आहे.

पुढे पहिली-दुसरीत 'पस्तीस' सांगितल्यावर मूल 53 लिहील. त्यात त्याचा दोष नाही. कानावर पाच आधी पडतात, लिहायचे मात्र तीन आधी. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे 29. अशा वेळी वीस वेळा लिहून घेण्यापेक्षा दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची पाच नाणी त्याच्या हातात द्या.

त्या मुलाची आई परवा भेटली. सायकलचा भोंगा वाजला की आता तो आधी विचारतो, "आज घरी कोण कोण आहे?"