एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) टीमचे चार-पाच मेन प्लेयर जखमी झाले तर सीझन संपला असं समजायचं का? बेंच, म्हणजे मागचे बदली प्लेयर, मजबूत असून खरंच काही फरक पडतो?

पडतो, आणि खूप पडतो. खाली कुणीतरी लिहिलंय की प्रत्येक क्लबकडे चाळीसच्या वर पोरं असतात आणि मॅचला लागतात 23, मग एवढा काय प्रॉब्लेम. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसता वाचक आहे.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, वेस्टर्न बुलडॉग्ज टीमचा फॅन, आणि दहाएक वर्षं आमच्या भागातल्या एका लोकल क्लबचा ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे जिमवाला नाही हं. घोट्याला टेप गुंडाळणारा, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारा, कुणी पडला की पहिला पोचणारा. पगार शून्य, मॅचनंतर एक पाय फुकट (खायचा पाय, मीट पाय). पोरगा अंडर-टेनला खेळायचा तेव्हा कुणीतरी फर्स्ट एडचा कोर्स करा म्हणाले, सगळे बुटाकडे बघायला लागले आणि मी हात वर केला. तेव्हापासून तिथे मला सगळे डॉक म्हणतात. मी अकाउंट्समध्ये आहे.

तर 2019 चा जुलै, शनिवार. आमच्या क्लबच्या दोन टीम, सीनियर्स आणि रिझर्व्हज. त्या आठवड्यात सीनियर्समधल्या दोघांचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलेले, एकाचा खांदा, एकाची एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट), एक जण बालीला आणि एक मित्राच्या लग्नाला. सीनियर्सच्या कोचनं काय केलं, रिझर्व्हजमधून सहा उचलले. बरोबरच आहे, दुसरं करणार काय. पण रिझर्व्हजनं कुठून उचलायचे? त्यांच्या खाली कुणीच नाही. सकाळी दहाला चेंजिंग रूममध्ये मोजले तर 17, आणि मैदानावरच 18 लागतात. रिझर्व्हजचा कोच माझ्याकडे बघतोय, मी टेप कापतोय, आणि तो म्हणाला डॉक, तुझ्या बुटाची साइज काय?

मी तेव्हा 44 वर्षांचा. पोराच्या जुन्या शॉर्ट्स घातल्या, नाडी बसेना. मला फॉरवर्ड पॉकेटला, म्हणजे समोरच्या गोलजवळच्या कोपऱ्यात, उभं केलं. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये ज्याला कॅच धरता येत नाही त्याला थर्डमॅनला पाठवतात ना, तेच. चिखल इतका की धावलो की आधी पाय यायचा आणि मागून बूट. माझ्या आयुष्यातला एकमेव शॉट पोस्टला लागला, म्हणजे एक पॉइंट. स्कोरबुकात आहे अजून, कुणाला बघायचा असेल तर.

आता मुद्दा. आमच्याकडे 18 पुरे, बेंचवर कुणी नाही, ट्रेनर मीच. दुसऱ्या क्वार्टरला आमच्या एका 19 वर्षांच्या पोराचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. उठला, हात वर केला, ठीक आहे म्हणाला. मी पॉकेटमधून धावत गेलो. त्याला नेहमीचे प्रश्न विचारले, आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, कितवा क्वार्टर, शेवटचा गोल कुणी मारला. क्वार्टर बरोबर सांगितला. गोल मात्र गेल्या आठवड्याच्या मॅचमधला सांगितला. आणि मग मला विचारलं, डॉक तू जर्सी का घातलीयस? हे त्यानं दोनदा विचारलं, मधे अर्धा मिनिटसुद्धा गेला नसेल.

मी त्याला बाहेर काढलं. कोच लाइनवरून ओरडतोय की चालतोय तो व्यवस्थित, पाच मिनिटं बसव आणि परत घाल, माणसं नाहीयेत आपल्याकडे. मी नाही म्हणालो. आणि त्याच वेळी बाउंड्रीवर माझे साडू उभे. ते पर्थला असतात, मूळचे नागपूरचे, वीकएंडला आमच्याकडे आलेले, हातात मीट पाय. ते कोचपेक्षा मोठ्यानं, आणि मराठीत, "काहून बसवलं बे त्याले? चांगला तर उभा हाय!"

हाफ टाइमला दोन्ही कोच बोलले, समोरच्यांनी मोठ्या मनानं एक माणूस काढला, 17-17 सुरू केलं. तिसऱ्या क्वार्टरला मी एका बॉलमागे धावलो आणि मांडीच्या मागे टप्प. आवाज मला आला, लोक म्हणतात आवाज येत नाही, मला आला. आता ट्रेनर पडला तर ट्रेनरकडे कोण धावणार? समोरच्या टीमची ट्रेनर, एक साठीच्या बाई, बर्फ घेऊन आल्या आणि म्हणाल्या तुझ्या वयाला शोभतं का हे. आम्ही 16 वर आलो. नव्वदच्या वर पॉइंट्सनी हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत आमची पोरं बॉलच्या मागे धावतसुद्धा नव्हती, कमरेवर हात ठेवून बघत होती. मी म्हणत नाही ती आळशी होती. बदली नसताना दोन तास चिखलात पळून दाखवा, मग बोलू.

एवढं रामायण सांगितलं कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वरच्या टीमला लागतं आणि त्याची किंमत खालची टीम मोजते. एएफएलमध्येही हेच चालतं, फक्त तिथे चिखल कमी आणि कॅमेरे जास्त. सिलेक्शनला मिळणारी पोरं चाळीसवरून पंचवीसवर आली की आधी मार खाते ती त्यांची रिझर्व्ह टीम, ती बाहेरच्या पोरांनी भरावी लागते. मग वर बोलावलेलं पोरगं एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्यात खेळून आलेलं असतं. गुरुवारी ट्रेनिंगला 18 विरुद्ध 18 होत नाही, अर्ध्या ग्राउंडवर काहीतरी ड्रिल करतात. आणि जे अर्धवट बरे आहेत ते एक आठवडा आधी परत येतात कारण दुसरं कोणी नाही, आणि मग त्यांचंच परत जातं. लिस्ट लांब होते ती अशी. नशीब वगैरे नंतर.

साडूंचं आणि माझं भांडण इथूनच सुरू झालं आणि अजून चालू आहे. ते वेस्ट कोस्टचे, म्हणजे पर्थच्या टीमचे फॅन. त्यांचं म्हणणं, खरा खेळाडू लागलं तरी खेळतो, आणि टीम हरली तर दुखापतींमुळे हरली. दोन्ही एकाच तोंडानं. त्यांनी स्वतः कॉलेजला असताना मोडलेल्या बोटानं फलंदाजी केली होती, 31 धावा, ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकलीय, धावा आता 40 झाल्यात.

तर त्याच वर्षी, 2019 ला, सप्टेंबरमध्ये काय झालं बघा. रिचमंडचा अॅलेक्स रान्स, त्यांच्या डिफेन्सचा कणा, पहिल्याच राउंडला एसीएल, सीझन खलास. मग प्रिलिमिनरी फायनलला (म्हणजे सेमीफायनल) जॅक ग्रॅहमचा खांदा निखळला आणि तो तसाच खेळत राहिला. साडूंचा लगेच फोन, बघ, याला म्हणतात खेळाडू! मी म्हटलं अहो ठीक आहे, पण पुढच्या शनिवारी ग्रँड फायनल कोण खेळलं? ग्रॅहम नाही. मार्लियन पिकेट खेळला, 27 वर्षांचा, एएफएलची पहिलीच मॅच, आणि ती थेट ग्रँड फायनल. असं 1952 नंतर पहिल्यांदा झालं. तो आला कुठून? मे महिन्यातल्या मिड-सीझन ड्राफ्टमधून (सीझनच्या मधेच क्लब नवे प्लेयर निवडतात तो), जो त्याच वर्षी पुन्हा सुरू झाला होता. घेतला तेव्हा त्याचं बोट मोडलेलं होतं, आणि क्लबनं त्याला तसाच मैदानात नाही ढकलला, थांबले. मग व्हीएफएलमध्ये, म्हणजे एएफएलच्या खालच्या लीगमध्ये, रिचमंडच्या रिझर्व्हजकडून खेळला, त्यांनी व्हीएफएलची फायनल जिंकली, त्यात बेस्ट प्लेयर हाच. आणि पुढच्या आठवड्यात एमसीजीवर रिचमंड 89 पॉइंट्सनी जिंकलं. हे बेंच मजबूत असणं. कागदावर नाव असून उपयोग नाही, त्यानं खालच्या टीममध्ये तोच खेळ, त्याच जागा, तेच इशारे खेळलेले पाहिजेत.

2016 च्या आमच्या बुलडॉग्जचं तर काय सांगू. कॅप्टन बॉब मर्फी तिसऱ्याच राउंडला एसीएलनं गेला. जुलैत एकाच मॅचमध्ये मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. मी ती टीव्हीवर बघत होतो, बायको म्हणाली बंद कर. टेबलवर सातवे आलो. सातव्यावरून तोपर्यंत कुणीही जिंकलेलं नव्हतं. पण त्या वर्षी फायनल्सच्या (बाद फेरीच्या) आधी पहिल्यांदा एक आठवड्याची सुट्टी ठेवली होती, त्यात मॅक्रे, लिबरटोरे वगैरे परत आले. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला 47 नी हरवलं (साडू त्या मॅचला स्टेडियममध्ये होते, मी हा विषय दर दिवाळीला काढतो), मग हॉथॉर्न, मग सिडनीत जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) सहा पॉइंट्सनी, आणि 1 ऑक्टोबरला सिडनी स्वान्सला 22 नी. 62 वर्षांनी कप. कोच बेव्हरिजनी स्वतःचं मेडल काढून मर्फीच्या गळ्यात घातलं, त्यावर मी बोलणार नाही, परत रडायला येतं. पण त्याच्या सहा दिवस आधी काय झालं होतं हे कुणी आठवत नाही. आमची रिझर्व्ह टीम फुट्स्क्रे, तीसुद्धा व्हीएफएल चॅम्पियन झाली होती. 2016 ला आम्ही आणि 2019 ला रिचमंड, दोन्ही वेळा खालची टीमही जिंकलेली. साडू म्हणतात योगायोग. म्हणू देत.

आणि उलटं बघायचं तर त्यांचंच 2023. वेस्ट कोस्टची इंज्युरी लिस्ट इतकी लांब की पेपरात दोन कॉलम लागायचे. सिडनीत 171 पॉइंट्सनी हरले. 205 विरुद्ध 34! अख्ख्या सीझनला तीन विजय, शेवटचा नंबर. साडू म्हणतात दुखापतींमुळे. मी म्हणतो अहो दुखापती सगळ्यांनाच होतात, तुमची रिझर्व्ह टीमसुद्धा आठवड्यामागून आठवडे मार खात होती, बाहेरून पोरं आणून पूर्ण करत होते, तिथून वर येणार कोण? तुमचे चांगले सगळे तिशीच्या आसपासचे, त्यांच्या मागे कुणी तयारच केलं नव्हतं.

आता एवढं बोललो तर थोडं त्यांच्या बाजूनंही लिहितो, नाहीतर ही लिंक त्यांना कुणीतरी पाठवेलच. 2018 ला वेस्ट कोस्ट ग्रँड फायनल पाच पॉइंट्सनी जिंकले तेव्हा नॅटानुईचा गुडघा गेलेला, शेपर्डचं हॅमस्ट्रिंग, आणि गॅफ सस्पेंड. म्हणजे त्यांनाही बेंच बांधता येत होती. समोर कॉलिंगवूडलाही बरंच लागलेलं होतं, तो भाग वेगळा. आणि कितीही बेंच असली तरी काही जागांना बदली नसते हे मान्य. मिडफिल्डमधले तीन गेले तर फ्लँकवरचा कुणी आत येतो, चालून जातं. दोन मीटरचे दोन रक (उडी मारून बॉल टॅप करणारे उंच प्लेयर) एकदम गेले तर तेवढ्या उंचीचा माणूस दुकानात मिळत नाही. म्हणून किती जखमी यापेक्षा कुठले जखमी ते बघा. पाच जण पाच जागांचे असतील तर टीम तग धरते, पाचही डिफेंडर असतील तर देवाचं नाव घ्या. हे खरं तर वर लिहायला पाहिजे होतं.

तुमच्या टीमचं बघायचं असेल तर इंज्युरी लिस्टवरचे आकडे मोजत बसू नका, तिथे "टेस्ट" (म्हणजे फिटनेस बघून ठरवू) लिहिलेला अर्धा वेळा खेळतच नाही. रिझर्व्ह टीमचा रिझल्ट बघा, आणि आत आलेलं पोरगं कुठल्या जागी खेळत होतं ते बघा. दर आठवड्याला टीम बदलतीय का तेही.

आणि डोक्याला लागलेला प्लेयर खेळणाऱ्यांत मोजायचाच नाही. एएफएलमध्ये कमीत कमी 12 दिवस बाहेर, आमच्यासारख्या लोकल फुटबॉलला आता 21. तेव्हा 21 नव्हते, पण त्या दिवशी परत घालायचं नाही हे तेव्हाही होतंच. त्या मॅचनंतर कोच तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही, मी लंगडत टेप गुंडाळायचो आणि तो दुसरीकडे बघायचा. मेलबर्न टीमच्या अँगस ब्रेशॉला 2024 मध्ये 28 व्या वर्षी डोक्यापायी खेळ सोडावा लागला तेव्हा मी ती बातमी साडूंना पाठवली. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी लिहिलं, "ते वेगळं." काय वेगळं ते विचारायचं राहिलंय, येत्या डिसेंबरला येतायत, विचारीन.

तो डोकं आपटलेला पोरगा आता सीनियर्सला सेंटर हाफ बॅक, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, खेळतो. दर शनिवारी घोटा माझ्याकडूनच बांधून घेतो आणि टेप घट्ट झाली म्हणून कटकट करतो.