हाताच्या इसबाचं मलम पापणीवर चालेल का?

हाताच्या इसबाचं मलम उरलंय, आता पापणीला खाज सुटलीय तर तेच लावू का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. मी लावून बसलोय.

तासगावकडं आमची द्राक्षबाग. लहानपणी मला इसब कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागच्या खळगीत असायचा. घाम तिथंच साचायचा, खाजही तिथंच. बागेत राबायला लागलो आणि तो तळहातावर आला. तिथं तो ओळखूच येईना. लाली अशी नाहीच, कातडी राठ झालेली आणि बोटांच्या पेरांवर भेगा. ठेच्याला भाकरीचा तुकडा लावला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. शेवटी चमच्यानं जेवायला लागलो, पाहुण्यांना वाटलं शहरातली सवय लागली.

एवढ्या जाड कातडीत मुरावं म्हणून तळहाताला जोरदार स्टेरॉइड देतात. पापणीची कातडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तेच मलम तिथं कितीतरी जास्त आत जातं, कातडी अजून पातळ होते, आणि महिनोन्‌महिने लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते. सांगलीच्या डॉक्टरांनी माझी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला.

मग विचारलं, ‘बांधावर गाजरगवत आहे का?’ होतंच की! त्याचे वाळलेले कण वाऱ्यानं उडतात, म्हणून त्याचा त्रास पापण्या, मानेच्या बाजू, कोपराची घडी अशा उघड्या जागी उठतो. म्हणजे माझ्या हाताचं कारण एक आणि पापणीचं दुसरंच. आता ते गवत फुलावर यायच्या आत भाऊ काढतो, तोही हातमोजे घालून.

आईचं आणखी निराळं. तिच्या घोट्याच्या वर काळपट, खाजरा पट्टा होता, पायाच्या शिरा फुगल्यामुळं. नुसत्या मलमानं भागलं नाही. डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घातले, पाय उशीवर ठेवायला लागली, तेव्हा कमी आला.

अंगावर कुठं गोल चट्टा असेल, कडा उठलेली आणि मधे साफ, तर ते गजकर्णही असू शकतं. त्यावर मेडिकलमधून तीन औषधं एकत्र असलेलं मलम आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं खाज थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र पसरत राहते.

डॉक्टरांना दाखवेपर्यंत आंघोळ कोमट पाण्यानं करा, आणि अंग ओलसर असतानाच हातापायांना साधी पेट्रोलियम जेली लावा. पापणी सुजली असेल, लस येत असेल तर उद्याच दाखवा. जाताना ती उरलेली ट्यूब खिशात टाका.