टूर संपताना निरोप कधी घ्यायचा?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं दिवाळीनंतर दुबईच्या ग्रुप टूरवर चाललो, सोबतचे अकोल्या-अमरावतीचे. शेवटच्या दिवशी सगळ्यायचा निरोप नीट कसा घ्यावा जी? – एक वाचक, आर्णी (यवतमाळ)

उत्तर : एअरपोर्टवर बिलकुल ठेवू नका, तिथं सगळे पासपोर्ट नाहीतर बॅग शोधत असतात अन् नागपूरला उतरलं की सामान उचलून जो तो गाडीकडं पळते. आदल्या रात्री जेवतानाच नंबर घ्या, ड्रायव्हरदादाला हात जोडून थँक्यू म्हणा, लय बरं वाटते त्यायले. संत्रा बर्फीचा एक डबा त्या रात्रीसाठी राखून ठेवाच. अन् परतीच्या दिवसाचं अजून एक : दुबईत खरेदीवर ५ टक्के व्हॅट (कर) असते, त्याचा रिफंड पाहिजे तर टॅक्स फ्री बिलं एअरपोर्टवर बॅगा चेक-इनला द्यायच्या आधी दाखवा. पावरबँक मात्र हातातल्याच बॅगेत.