पुतण्याच्या डोळ्याखालची प्लेट आमच्या मशिनवर काढू का?

प्रश्न : मी शिवाजी उद्यमनगरात सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर धातू कोरायचं) जॉबवर्क करतो. शाहू स्टेडियमवर मॅच खेळताना पुतण्याच्या (वय २३) डोळ्यावर समोरच्याचं कोपर बसलं. सूज उतरली, पण वर बघितलं की एकाचे दोन दिसतात, गाल बधिर आहे, डोळा आत गेल्यासारखा वाटतो. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि नाकाकडची भिंत, दोन्ही मोडल्याचं आलं. डॉक्टर कॉम्प्युटरवर डिझाइन केलेली टायटॅनियमची प्लेट सांगतात. ती लागतेच का? साधी जाळी वाकवून भागणार नाही? आणि फाइल मिळाली तर आपल्याच मशिनवर काढू, असं आमची पोरं म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोरांना आधी थांबवा. मशिन चांगलंच असेल, पण काल त्याच्यावर बिडाचा (ओतीव लोखंडाचा) जॉब चढला होता. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूला धातूच्या प्रत्येक लॉटचा दाखला, निर्जंतुकीकरण आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना लागतो. शिवाय ही प्लेट बहुतेक वेळा कोरून काढत नाहीत. टायटॅनियमच्या भुकटीचा थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच वितळवायचा, त्यावर पुढचा थर, अशी ती घडते.

लागतेच का? सगळ्यांना नाही. खोबणीचा तळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, नाकाकडची भिंत त्याहून पातळ. मार बसला की त्याच आधी मोडतात. भेग लहान असेल, दोन-दोन दिसत नसेल, डोळा आत गेला नसेल, तर ऑपरेशनच नको. फक्त तळ मोडलाय आणि भोवतीच्या कडा शाबूत आहेत, तर तयार जाळी कापून, वाकवून बसवता येते. मी सर्जन म्हणून बरीच वर्षं तेच केलं. काम नीट होतं आणि खर्चही बेताचा.

तुमच्या पुतण्याचं तसं नाही. तळ आणि भिंत मिळतात तो आतला कोपरा सपाट नसतो, आणि मागे जाताना तळ वर चढतो. त्या चढावर डोळा पुढे टिकून असतो. नेमका तोच चढ हाताने वाकवलेल्या जाळीत उतरवणं अवघड. पूर्ण खोबणीत जागा साधारण ३० मिलिलिटर. ती १ मिलिलिटरने वाढली तर डोळा जवळजवळ १ मिलिमीटर आत जातो, आणि २ मिलिमीटरच्या पुढे गेला की बघणाऱ्याला कळतं. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी घेतात, चांगल्या बाजूचं चित्र आरशातल्यासारखं उलटवून मोडक्या बाजूवर बसवतात आणि त्यावरून प्लेट आखतात. पण दोन्ही बाजू कुणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे इंजिनिअरने पाठवलेलं डिझाइन सर्जनने स्वतः तपासायला हवं. मी असतो तर सगळ्यात आधी मागचं टोक बघितलं असतं. तिथं शाबूत हाडाची एक कड उरलेली असते, प्लेट तिच्यावर टेकली पाहिजे. नाही टेकली तर स्क्रीनवर कितीही देखणी दिसलेली प्लेट खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीत, कलंडते. फार मागे सरकली तर नजरेची नस धोक्यात. तुमच्या डॉक्टरांना स्क्रीनवर ती कड दाखवायला सांगा. दाखवतील, त्यात संकोच कसला.

पैसे आवाक्याबाहेर असतील तर मधला मार्ग आहे. त्याच सीटीवरून खोबणीचा प्लास्टिकचा नमुना छापायचा, त्यावर तयार जाळी ऑपरेशनच्या आधीच वाकवायची आणि निर्जंतुक करून बसवायची. दोन भिंती मोडल्या असतानाही हे पुष्कळदा चांगलं जमतं. तुमच्याकडे हे चालेल का, असं डॉक्टरांना विचाराच.

प्लेट बसली म्हणजे दोन-दोन दिसणं दुसऱ्या दिवशी थांबेल असं समजू नका. दुखावलेला स्नायू सुधारायला आठवडे, कधी महिने घेतो. गालाची बधिरताही हळूहळूच जाते, थोडी राहूही शकते. ऑपरेशननंतर आत रक्त साठून नजर जाण्याचा धोका क्वचित, पण असतो. म्हणून रात्रभर उठवून बोटं मोजायला लावतात, त्यावर पोरगं वैतागलं तरी चालेल.

आता वेळेचं. मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेलं बरं, नंतर आत वण धरतो. प्लेट बनायलाही दिवस जातात, तेव्हा निर्णय याच आठवड्यात घ्या. इतर वाचकांसाठी : लहान मुलाला डोळ्यावर मार लागलाय, बाहेरून डोळा पांढराशुभ्र आहे, पण वर बघताना दुखतं आणि उलट्या होतात, तर पत्र लिहीत बसू नका. स्नायू हाडाच्या फटीत अडकलेला असू शकतो, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

आणि पुतण्याला नाक अजिबात शिंकरू देऊ नका. सायनसमधली हवा मोडक्या तळातून डोळ्याभोवती शिरते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.